भूकमळाच्या शोधात: गौताळा आणि पितळखोरा

या सहलीचं मूळ आमच्या दहा वर्षांच्या लेकीच्या एका प्रश्नात आहे. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू रानातल्या भूकमळांकडे बघायला सांगतो. ती कष्ट करत नाहीत, सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजालाही त्यांच्यासारखा पेहराव नव्हता. संडे स्कूलमधून आल्यावर तिनं विचारलं, "मम्मी, भूकमळ कसं दिसतं?" मी चाळीस वर्षं हा शब्द ऐकतेय. कसं दिसतं ते मला सांगता आलं नाही. आमचे काका निवृत्त शिक्षक. ते म्हणाले की मूळ ग्रीक शब्दाचं फूल नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बरेच जण गालीलातल्या तांबड्या अॅनिमोनीकडे बोट दाखवतात. "ते तिकडचं झालं. आपल्याकडचं कुठलं?" लेक सोडायला तयार नव्हती.

म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाचला जालन्याहून गौताळ्याच्या जंगलाकडे निघालो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि काका. छत्रपती संभाजीनगर ओलांडून धुळे रस्त्याला लागायचं, तिथून कन्नड साधारण ६० किलोमीटर. कन्नडला पेट्रोल भरा, एटीएममधून रोकड काढा, मुलांना पोटभर खाऊ घाला. पुढं जंगलात बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही आणि पाण्याची बाटलीही विकत मिळेलच असं नाही.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. साधारण २६० चौरस किलोमीटरचा पसारा, थोडा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, थोडा जळगाव जिल्ह्यात. फाटकावर नोंद करून प्रवेश शुल्क भरावं लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा. मराठवाडा म्हटलं की टँकर आणि भेगा पडलेली जमीन एवढंच डोळ्यांपुढे येणाऱ्यांनी पावसाळ्याच्या शेवटी इथं एकदा यावं. जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच जा. एप्रिलमध्ये जाऊन "काहीच नव्हतं" म्हणणारे नातेवाईक माझ्याकडे भरपूर आहेत.

तलावाच्या अलीकडे झुडपांत लेकीला ते दिसलं. पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लालभडक, चुलीतल्या जाळासारख्या. पानांची टोकंसुद्धा शेजारच्या फांदीला विळखा घालून बसलेली. "हेच भूकमळ!" ती ओरडली. मलाही पटलं, शलमोनाचा दरबार खरंच फिका पडला असता. माझ्या मनात तर प्रार्थनेला वाचायचं टिपणही तयार व्हायला लागलं.

तेवढ्यात शेळ्यांमागून एक म्हातारी आली. "बाई, हात लावू नका. कळलावी हाय ती. घरात नेली की भांडणं लागत्यात."

भांडणांचं मला माहीत नाही, पण कळलावीचा कंद जहाल विषारी असतो, हे खरं आहे. मुलं बरोबर असतील तर आधीच बजावून ठेवा. माझं टिपण तिथंच अडलं. सुंदर आहे, देवानंच नेसवलंय आणि पोटात विष आहे. निसर्गात धडा शोधताना आपण घाई करतो असं मला तेव्हा वाटलं. येशूनं आधी बघा, ती कशी वाढतात याचा विचार करा, असं सांगितलंय. आम्ही पाचही जण मग तिथं दहा मिनिटं नुसते बघत उभे राहिलो. फोटोसुद्धा नंतर काढले.

दुपारी पितळखोऱ्याला गेलो. त्याच सातमाळा डोंगररांगेत ही बौद्ध लेणी आहेत, सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. पायऱ्या उतरून दरीत जावं लागतं. पावसात त्या भयंकर निसरड्या होतात, तेव्हा चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. काकांच्या गुडघ्यांनी वर येताना चांगलाच जाब विचारला. लेण्यांत मधमाश्यांची मोहोळं असू शकतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. आणि दुसऱ्यांच्या श्रद्धेची जागा आहे, तिथं मोबाईलवर आपली गीतं लावू नयेत. पावसाळ्याचे महिने एका जागी शांत बसून काढणारे भिक्खू इथं राहिले होते, एवढं आठवलं तरी आवाज आपोआप खाली येतो.

इथला खडक झिजून दर्शनी भागाची फार पडझड झाली आहे. खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा येशूचा दृष्टांत आठवून मुलगा म्हणाला, "खडकावर बांधलेलं घर पडत नाही म्हणता ना? हे तर खडकातच कोरलंय, तरी पडलं." काय सांगणार? माझ्या नवऱ्याचं निम्मं आयुष्य विहिरींच्या कामावर गेलंय. तो म्हणाला, "मुरूमही वरून खडकच दिसतो रे. काळा पाषाण लागेस्तोवर खणावं लागतं." काकांनी लगेच पवित्र शास्त्र काढलं. मत्तयातला हाच दृष्टांत लूकच्या शुभवर्तमानातही आहे आणि त्यात त्या माणसानं खोल खणून पाया घातल्याचं स्पष्ट म्हटलंय. मत्तयात खणण्याचा उल्लेख नाही. मी दोन्ही कितीदा वाचलेत, पण हा फरक पितळखोऱ्याच्या पायरीवर बसून कळला.

अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर पडा. मुक्काम करायचा तर कन्नड किंवा वेरूळ सोयीचं. आम्ही मात्र घरी निघालो, सकाळी उपासना होती.

कन्नडच्या अलीकडे सोयाबीनच्या रानात काही बाया खुरपत होत्या. बांधावर उपटलेल्या कुर्डूचे ढीग पडलेले, गुलाबी-पांढरे तुरे अजून ताजे. आज रानात आणि उद्या भट्टीत पडणाऱ्या गवताबद्दल त्याच अध्यायात पुढं आहे, ते काकांनी आठवण करून दिलं. लेकीनं गाडी थांबवायला लावली. तिच्या मते शोध इथं संपला होता. कुर्डू म्हणजे तणच ते. कोवळं असताना आम्ही त्याची भाजी करतो, त्याला फूल म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. तिनं बांधावरून विचारलं, "मावशी, यातली थोडी नेऊ का?"

"थोडी कशाला, समदी ने," मावशी खुरपं न थांबवता म्हणाली. "उभी हायेत ती बी उपटून ने, माझं तेवढंच काम कमी व्हईल."