डेटा गेला नव्हता, हरवला होता

सकाळी डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) ‘कंपोज डाऊन’ करून कंटेनर काढून टाकले, मग ‘अप’ करून नव्याने उभे केले. अ‍ॅप उघडलं तर डेटाबेस कोरा करकरीत. एक टेबल नाही. पोटात गोळाच आला.

नेमड व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी डेटा टिकवणारी, नाव दिलेली साठवणीची जागा) दिला होता हो! पोस्टग्रेस १७ या डेटाबेसची इमेज (कंटेनर ज्यावरून बनतो तो तयार साचा), कंपोजच्या फाइलमध्ये सगळं जागच्या जागी. मग तासभर डोळे ताणल्यावर दिसलं: माउंटच्या पाथमध्ये (कंटेनरच्या आत व्हॉल्यूम जिथे जोडायचा तो पत्ता) शेवटचा ‘/डेटा’ लिहायचा राहिला होता. ही इमेज त्या ‘डेटा’ फोल्डरसाठी स्वतःच व्हॉल्यूम मागते. मी तिथे काही जोडलं नाही, म्हणून डॉकरने गुपचूप एक बेनामी व्हॉल्यूम बनवला आणि सगळ्या नोंदी त्यात गेल्या. माझा नेमड व्हॉल्यूम इतके दिवस नुसताच शोभेला. (गंमत म्हणजे १८ च्या इमेजमध्ये नेमका तोच, ‘/डेटा’ नसलेला पाथ बरोबर ठरतो.)

नशीब, ‘डाऊन’ला व्हॉल्यूमही पुसणारं ‘-व्ही’ लावलं नव्हतं. नुसत्या ‘डाऊन’ने बेनामी व्हॉल्यूम पुसला जात नाही, फक्त पुढचा कंटेनर त्याला ओळखत नाही. यादी काढली, तर ६४ अक्षरी नावांचे तीन अनाथ व्हॉल्यूम. साइज बघितल्यावर कुठला आपला ते लगेच कळलं. कंटेनर थांबवून त्यातलं सगळं नव्या नेमड व्हॉल्यूममध्ये कॉपी केलं, पाथ दुरुस्त केला, आणि टेबलं परत!

जुना व्हॉल्यूम अजून तसाच ठेवलाय. न वापरलेले व्हॉल्यूम पुसणारं ‘प्रून’ टाइप करायची आज तरी हिंमत नाही.