लॅपटॉप चुकला, वही बरोबर

काल सदाशिव पेठेत ताईकडे गेलो होतो. बाहेर पाऊस, भाची ओट्यावर वर्गांचा अभ्यास घेऊन बसलेली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. मला म्हणाली मामा हे असंच चालत राहतं का? म्हटलं बघू की, नऊ एक घे. लॅपटॉप उघडाच होता, एक्सेलमध्ये १११११११११ गुणिले १११११११११ टाकलं, आधी तो १.२३ ई वगैरे दाखवायला लागला, फॉरमॅट बदलल्यावर आलं १२३४५६७८९८७६५४३००.

ती वहीत नऊ ओळी एकेक घर सरकवत एक-एक मांडून बेरीज करत बसली होती. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. "मामा तुझा लॅपटॉप चुकलाय. शेवटी एक असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार शून्यावर कसा संपेल?"

गप्प बसलो. आठ तास हिंजवडीत हेच एक्सेल बडवतो, पंधराच आकडे नीट धरतं, पुढे शून्यं भरून मोकळं होतं हे माहितीये आणि तरी सवयीनं विश्वास ठेवला. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये टाकलं तर शेवटी ३२०, म्हणजे एकानं चुकलं पण चुकलंच.

मग मलाच चेव चढला. या सतरा आकड्यांची बेरीज ८१. मूळ अवयव फक्त तीन, ३, ३७ आणि ३३३६६७, त्यात ३ चारदा आणि बाकीचे दोन-दोनदा, म्हणजे एकूण विभाजक ४५, आणि १ ते ९ ची बेरीजपण ४५ (हा योगायोगच, पण काय योगायोग आहे). आणि एकं दहं शतं करत उजवीकडून चढत गेलं की डावीकडच्या शेवटच्या १ च्या स्थानाचं नाव येतं 'मध्य'! परार्धाच्या एक पायरी अलीकडे. खरा मध्य, तो ९, बिचारा दशकोटीवर बसलाय.

अशा संख्यांना डेमलो संख्या म्हणतात, द. रा. कापरेकरांनी दिलेलं नाव, डेमलो म्हणजे आताच्या डोंबिवली स्टेशनवरून. कापरेकर म्हणजे ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वाले गणिती, नंतर देवळालीला शाळामास्तर होते, पण कॉलेज इथलंच, फर्ग्युसन. मी तिथून रोज बाईकवरून जातो आणि फक्त सिग्नलला शिव्या घालतो.

भाचीनं मग दहा एक घेतले. इथं जिना मोडतो, मधे १० येतो आणि हातचा डावीकडे सरकतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना सातानंतर थेट नऊ! आठ कुठे गेला म्हणून ती परत पहिल्या ओळीपासून मांडतेय, आठ सापडल्याशिवाय जेवायला येणार नाही म्हणते, आणि आत ताई ओरडतेय की वरणभात गार झाला.