मालहमचे गडगे

इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला आल्यापासून 'एकदा यॉर्कशर डेल्समध्ये, तिथल्या डोंगरदऱ्यांत जाऊ या' हे चालूच होतं. मे महिन्यात बँक हॉलिडेला जोडून सुट्टी मिळाली आणि आम्ही मित्रमंडळी डेल्समधल्या मालहम गावाला जाऊन आलो. शनिवार स्किप्टनपर्यंत ट्रेन, पुढे बस आणि रात्री पबमधल्या चिप्स यातच गेला. हॉस्टेलच्या गाद्या पातळ होत्या, पण नळाला गरम पाणी भरपूर होतं. मला सांगायचंय ते रविवारच्या सकाळचं.

गावातून जॅनेट्स फॉस धबधब्याकडे पायवाट जाते. ओढ्याकाठी रानलसूण फुललेली, सगळीकडे तिचा वास. वाट लोकांच्या शेतांतून जाते. जमीन खाजगी, पण वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांना, फक्त फाटक मागे लावून घ्यायचं. मला हे फार आवडतं. आणि दोन्ही बाजूंना, पार डोंगरमाथ्यापर्यंत, दगडी गडगे, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती. डेल्समध्ये असे आठ हजार किलोमीटरहून जास्त आहेत. बरेचसे 18व्या-19व्या शतकात सामायिक कुरणांची वाटणी झाली तेव्हाचे. ज्यांची गुरं त्या कुरणांवर चरायची, त्या गरिबांचं काय झालं असेल, हेही ते बघताना मनात येतं.

एका ठिकाणी गडगा ढासळला होता आणि सत्तरीचे एक शेतकरी आजोबा तो रचत होते. आम्ही थांबलो. मी राजापूरकडची, माझे आजोबा दर उन्हाळ्यात हेच करायचे, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातला दगड बसवला आणि मला जवळ बोलावलं.

सिमेंट नाही, चुना नाही. दोन बाजूंना दोन भिंती, वर जाताना एकमेकींकडे कललेल्या. मधल्या पोकळीत बारीक दगडांची भर. ठरावीक उंचीवर दोन्ही भिंतींना धरून ठेवणारे लांब आडवे दगड आणि माथ्यावर उभे लावलेले. आजोबा म्हणाले, एकदा उचललेला दगड खाली ठेवायचा नाही, त्याची जागा शोधायची. माझ्या हातात त्यांनी एक चुनखडीचा दगड दिला. एका अंगाला करडी-पांढरी दगडफुलं, दुसरं अंग नुकतं फुटलेलं, स्वच्छ. मी तो फिरवत राहिले, तेही शांतपणे थांबले. शेवटी बसला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, हललं नाही. मग म्हणाले, आता हा तुझ्यापेक्षा जास्त जगेल. मला खरंच भरून आलं. परक्या देशात इतकी वर्षं राहून माझा हात लागलेलं काही जागेवर राहील असं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी रेंज आल्यावर बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन. "मधली भर नीट घातलीय ना? ती पोकळ राहिली की गडग्याला पोट सुटतं."

सोमवारी मालहम कोव्ह. ऐंशी मीटर उंच चुनखडीचा कडा, हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या बर्फाचं पाणी इथून कोसळायचं. 2015च्या डिसेंबरातल्या वादळात पुन्हा थोडा वेळ धबधबा पडला होता. जागा भव्यच आहे. पण पायऱ्यांवर रांग आणि खाली एक घोळका फोटोसाठी थेट गडग्यावर चढलेला. वीस पावलांवर ओलांडायला पायरी होती! माथ्यावरचे दोन दगड आमच्यासमोर गवतात पडले. माझा संताप झाला. मी जाऊन त्यांना उतरायला सांगितलं. एक मुलगी ओशाळून उतरली, बाकीच्यांनी आधी फोटो पुरे केले.

मी आणि मैत्रिणीने ते दगड उचलून परत माथ्यावर उभे केले. ती म्हणाली, "अगं, बस चुकेल." पण एक डुगडुगत होता. तो फिरवून नीट बसवल्याशिवाय मी हलले नाही. बस मिळाली.