इस्टरची अंडी, किचनमधले रंग : यंदा कुठपर्यंत आलंय

लाल कोबीचा निळा शेवटी मनासारखा आलाय! अर्धा कोबी चिरून लिटरभर पाण्यात अर्धा तास उकळला, गाळला, गार झाल्यावर दोन चमचे व्हिनेगर. आता गंमत बघा, पातेल्यातलं पाणी गुलाबी-जांभळं आणि अंडं मात्र निळं निघतं, कारण कोबीतलं अँथोसायनिन (त्याचं रंगद्रव्य) आम्लात गुलाबी असतं आणि अल्कलीकडे गेलं की निळं, आणि कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे त्यावर बसताना रंग निळ्याकडे झुकतो. उकडलेली अंडी रात्रभर फ्रिजमध्ये त्यातच बुडवून ठेवायची, तासाभरात काढली तर नुसती फिकट आकाशी. व्हिनेगर जास्त नको, कवचावर बुडबुडे येतात आणि रंग डागाडागांनी बसतो.

अंडी पांढरीच घ्या. इथे जर्मनीत प्रत्येक अंड्यावर कोड छापलेला असतो (सुरुवातीला 0 म्हणजे ऑरगॅनिक), तो आधी व्हिनेगरच्या बोळ्याने पुसायचा नाहीतर निळ्याखालून डोकावत राहतो.

कांद्याची सालं म्हणजे हमखास. सालांबरोबरच अंडी उकडायची, केशरीपासून पार विटकरीपर्यंत जातात. कोथिंबिरीचं पान ओलं करून चिकटवायचं, वरून जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा तुकडा घट्ट बांधायचा, पानाची नक्षी पांढरी राहते. सुकल्यावर तेलाचा हात फिरवा, काय चमकतात!

हळद आपल्या घरचीच. पिवळं अंडं कोबीच्या पाण्यात टाकलं की हिरवं. आणि हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्याला कोणी सांगायला नको, तोच प्रकार खायच्या सोड्याच्या पाण्याने केला, ब्रशने रेघा ओढल्या तर लालसर उमटल्या, सुकल्यावर जरा फिक्या झाल्या पण चालतंय. फक्त खिडकीत ठेवू नका, उन्हात हळद उडते. बीटाच्या नादी तर लागूच नका, उकळताना रंग मरतो आणि अंडं मळकट गुलाबी दिसतं.

आता पुढे मेण. लाउझिट्समधले (पूर्व जर्मनीतला भाग) सॉर्ब लोक, म्हणजे तिथला एक छोटा स्लाव्हिक समाज, पिसाचं टोक कापून गरम मेणात बुडवतात आणि अंड्यावर ठिपके-त्रिकोण काढतात, मग रंग, मग मेणबत्तीजवळ धरून मेण पुसून टाकायचं. मधमाशीचं मेण साधारण 62-64 डिग्रीला वितळतं, म्हणजे कांद्याचं उकळतं पाणी बाद आणि गार कोबी एकदम फिट. कोणी केलंय का हे? मेण पातळ कसं ठेवता, चमचा मेणबत्तीवर धरून की दुसरं काही?