बत्तीस अक्षरांच्या कुकीची चिरफाड: प्रगती नोंद

मंडळी, सेशन आयडीचा (लॉगिन केलेला माणूस ओळखायला साइट ब्राउझरमधल्या कुकीत, म्हणजे छोट्या नोंदीत, ठेवते तो क्रमांक) अंदाज बांधता येतो का, हा खेळ बराच पुढे सरकलाय. चोपड्याच्या एका मित्राने त्याचा जुना पीएचपी (वेबसाइट बनवायची भाषा) कोड प्रयोगाला दिला. केळीच्या गाड्यांची नोंद ठेवणारं घरगुती अ‍ॅप आहे: कोणाच्या मळ्यातून किती क्विंटल माल, कुठल्या गाडीत भरला. सगळं माझ्याच लॅपटॉपवर चालवतोय. दुसऱ्याच्या चालू साइटवर असले उद्योग करायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

लॉगिन केलं की कुकीत ३२ अक्षरं येतात. दिसायला एकदम झकास. मित्र म्हणे, "इतलं लांब कोनले सापडी भो?" कोड उघडला तर आत एकच ओळ: युनिकआयडी फंक्शनचं उत्तर घ्यायचं, त्याचं एमडी५ (कुठल्याही मजकुराचा ३२ अक्षरी ठसा) करायचं, कुकीत टाकायचं.

युनिकआयडी १३ हेक्स (० ते ९ आणि a ते f) अक्षरं देतं. पहिली ८ म्हणजे सेकंद, पुढची ५ म्हणजे मायक्रोसेकंद. निव्वळ घड्याळ! एमडी५ने त्यावर रंग चढतो, पण अनिश्चितता कणभरही वाढत नाही. सर्व्हर स्वतःची वेळ उत्तरासोबतच्या डेट हेडरमध्ये सेकंदापर्यंत सांगतोच. उरले १० लाख मायक्रोसेकंद. माझ्याच कुकीवर सगळे एकेक करून तपासणारा लूप सोडला, तर एंटरवरून बोट उचलेपर्यंत जुळणी हजर.

आता खरी गोम. दुसऱ्याची कुकी आपल्या हातात नसते, त्यामुळे प्रत्येक अंदाज सर्व्हरलाच विचारून बघावा लागतो. सेकंदाला ५० विनंत्या धरल्या तर १० लाखांना २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास. सरासरीने निम्म्यातच काम होतं. एवढा वेळ सेशन जिवंत राहील का? इथे राहतं. मुनीम सकाळी लॉगिन करतो आणि शेवटची गाडी सुटेपर्यंत लॉगआउटचं नाव काढत नाही. वर 'शेवटचं लॉगिन' सेकंदासकट सगळ्यांना दिसतं. ही सोय कोणाला सुचली देव जाणे.

वेळेवरून बीज (ज्यावरून यादृच्छिक आकडे तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) काढण्याची खोड जुनीच. १९९५ साली बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी नेटस्केपचं एन्क्रिप्शन असंच उघडं पाडलं होतं: बीज म्हणजे वेळ आणि दोन प्रोसेस क्रमांक.

दुरुस्ती फार नव्हती. पीएचपी ७ पासून रँडम-बाइट्स हे अंदाज न बांधता येणारे बाइट देणारं फंक्शन आहे. १६ बाइट घेतले, हेक्स केले. पुन्हा ३२च अक्षरं, दिसायला तंतोतंत तशीच, पण आता १२८ बिट खरोखर अनिश्चित. जुनी आणि नवी कुकी शेजारी ठेवून मित्राला ओळखायला सांगितलं. ओळखता आली नाही. विनंत्यांवर मर्यादा घातली, 'शेवटचं लॉगिन' फक्त ज्याचं त्यालाच दाखवलं. लॉगिननंतर आयडी बदलायचं काम अजून बाकी आहे.

पुढचा नंबर मर्सेन ट्विस्टरचा, म्हणजे यादृच्छिक दिसणारे आकडे बनवणाऱ्या एका प्रसिद्ध पद्धतीचा. सलग ६२४ पूर्ण ३२-बिटी आकडे मिळाले की त्याची आतली स्थिती उलगडते, मग पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो. पायथनमध्ये लिहायला घेतलंय. कोणी आधी केलं असेल तर टेंपरिंग (आकडा बाहेर देण्याआधीची शेवटची बिट-घुसळण) उलटं फिरवण्याची पायरी तेवढी तपासून द्या.