पेट्रोल की डिझेल? जुन्या ट्रॅक्टरांच्या कामातली आमची वाटचाल

आमच्या गॅरेजची सुरुवात पंप-नोजलवर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांच्या दुरुस्तीवर झाली. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले आणि आसपासचे पॉवर टिलर, बागायतीतले पंपसेट आणि मग ट्रॅक्टर, म्हणजे सगळे डिझेलच. जुने ट्रॅक्टर हौसेने उभे करायचे काम पुढे आले आणि त्याबरोबर पेट्रोल इंजिनाचे कार्बोरेटर, पॉइंट, मॅग्नेटो हेही आले. आता येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जुना फर्ग्युसन बघून ठेवलाय, पेट्रोलवाला घेऊ की डिझेलवाला? आम्ही उलट विचारतो, चिखलात उतरवणार आहात की नाही?

सरदाच्या (पावसाळी भाताच्या) चिखलणीत केज व्हील, म्हणजे चिखलात चालणारी लोखंडी चाके लावून ट्रॅक्टर शेतात घातला की इंजिनावर तासन्‌तास लोड राहतो. जुन्या पेट्रोल इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) सहास एकच्या आसपास असते, डिझेलचे सतरास एक किंवा त्याहून जास्त. त्यामुळे त्याच कामाला डिझेल सुमारे एक तृतीयांश कमी लागते आणि कमी आरपीएमलाही इंजिन दम सोडत नाही. राबवायचा ट्रॅक्टर असेल तर डिझेलच घ्या, यावर आमच्याकडे दुमत नाही.

पण इथे एक मेख आहे. 1946 ते 1956 या काळात इंग्लंडात कॉव्हेंट्रीत बनलेल्या फर्ग्युसनच्या टीई-20 मॉडेलला चारच गिअर, त्यातला पहिलाही रोटाव्हेटरला वेगवानच पडतो. क्लच दाबला की पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्टही थांबतो. मग इंजिन पेट्रोल असो वा 1951 पासून आलेले डिझेल, या मॉडेलला रोटाव्हेटर लावू नये. रोटाव्हेटर लावायचाच असेल तर सहा गिअरचा, दुहेरी क्लचचा (गाडी थांबली तरी पीटीओ फिरता ठेवणारा) मॅसी फर्ग्युसन 35 शोधावा.

35 घेतानाही इंजिन बघा. सुरुवातीच्या डिझेल 35 ला स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. थंडीत स्टार्ट न होण्याबद्दल ते इंग्लंडात बदनाम होते. त्यात डिझेल वेगळ्या चेंबरमध्ये फवारले जाते आणि चेंबरच्या भिंती उष्णता खातात. 1959 मध्ये त्याजागी पर्किन्सचे तीन सिलिंडरचे, थेट इंजेक्शनचे इंजिन आले. आपल्या हवेत थंडीचे निमित्त चालत नाही. गोव्यात चार सिलिंडरवाला सकाळी कुरकुरत असेल तर बॅटरी-सेल्फ ढिले आहेत, हीटर गेलाय किंवा कॉम्प्रेशन उतरलेय. तरीही निवड करायची झाली तर आम्ही तीन सिलिंडरलाच कौल देतो. त्याच घराण्याची इंजिने चेन्नईत सिम्पसनने वर्षानुवर्षे बनवली, त्यामुळे रिंग, बेअरिंग, गॅसकेट मिळायला अडचण नाही.

पेट्रोल म्हणून विकायला येणारे बरेच ट्रॅक्टर मुळात रॉकेलवर्गीय इंधनाचे असतात. ओळख सोपी आहे: टाकीत दोन कप्पे, खाली तिहेरी कॉक आणि एक्झॉस्टने तापणारा मॅनिफोल्ड (इंधन-हवा इंजिनात नेणारी नळी). पेट्रोलवर स्टार्ट करून, इंजिन तापले की दुसऱ्या कप्प्यावर घ्यायचे, अशी ती सोय. कॉम्प्रेशन पाचाच्या आसपास, म्हणून नुसत्या पेट्रोलवर ते चालते खरे, पण ताकद बेताचीच. अशा इंजिनाचे ऑइल आधी बदला. त्यात न जळलेले इंधन उतरून ते पातळ झालेले असते.

मिरवायला, हलकी ट्रॉली ओढायला, आठवड्यातून फेरी मारायला पेट्रोलसारखे नाही. आवाज मऊ, हँडलने स्टार्ट होते. (हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. टायमिंग पुढे असेल तर हँडल उलटा झटका देते आणि मनगट जाते.) प्लगची गॅप 0.7 ते 0.8 मिमी, पॉइंटची 0.4 मिमी. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कॅपच्या आतून दमटपणा धरतो, केसाएवढ्या चिरेतून करंट पळतो आणि गाडी लोडवर ठोके सोडते. लोक कार्बोरेटर खोलत बसतात. आधी अंधारात इंजिन चालू करून कॅपवर आणि वायरींवर ठिणग्या नाचतात का ते बघा.

पेट्रोलवाल्याची खरी डोकेदुखी आता पेट्रोल पंपावरच मिळते. पेट्रोलमधले 20 टक्के इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना फुगवते, टाकीतला गंज सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये (इंधनाच्या बारीक छिद्रात) आणते आणि हवेतले पाणी ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉलसकट तळाला बसते. आम्ही पाइप, वॉशर, फ्लोटची सुई बदलतो, मिश्रण पातळ पडून प्लग पांढरट दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा घालतो. सुई गळत असेल तर पेट्रोल सिलिंडरवाटे ऑइलमध्ये उतरते, म्हणून डिपस्टिक हुंगून बघायची सवय ठेवा. उभी करताना कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा. पावसाळाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करा. डिझेलची मात्र गळ्यापर्यंत भरून ठेवा, म्हणजे आत घाम धरून पाणी साचत नाही.

डिझेलवाल्याने इंधनाच्या पाइपांतली हवा काढायला शिकलेच पाहिजे. टाकी कोरडी पडली की नुसते डिझेल ओतून भागत नाही. कॉक उघडा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा आणि लिफ्ट पंपाची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची) दांडी मारत राहा. दांडी हलकी लागली तर कॅम वर अडकलाय, इंजिन एक फेरा फिरवून घ्या. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपाचे स्क्रू, सीएव्ही कंपनीच्या रोटरी पंपावर दोन, आधी पंपाच्या हेडजवळचा, नंतर वरच्या गव्हर्नरच्या झाकणावरचा. शेवटी नोजलकडचे नट ढिले करून, स्टॉपची दांडी आत आणि रेस पूर्ण ठेवून सेल्फ मारा. डिझेल उडू लागले की एकेक नट आवळा. फवाऱ्यासमोर हात धरू नका. चालू नोजलची धार कातडीतून आत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा धरली तर टाकी ते लिफ्ट पंप एवढाच भाग तपासा. तिथली गळती बाहेर ठिबकत नाही, आत हवा ओढते. बहुतेक वेळा तांब्याचा जुना वॉशरच निघतो, पुन्हा वापरलेला.

टीई-20 चे पेट्रोल इंजिन खोलायची वेळ आली तर लायनरकडे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यांकडे नीट बघा. ते वेट लायनर आहेत, म्हणजे बाहेरून त्यांना थेट पाणी लागते; बुडाशी आठच्या आकड्यासारखी गॅसकेट असते. लायनर ब्लॉकच्या वर 0.003 ते 0.005 इंच उभा राहिला पाहिजे. कमी राहिला तर हेड आवळूनही तो दाबला जात नाही, पाणी चेंबरमध्ये उतरते आणि ऑइल दुधाळ होते. खाजनाच्या बाजूच्या विहिरीचे खारे पाणी रेडिएटरला घालणाऱ्यांच्या लायनरची बूड आम्ही खड्डे पडलेलीच बघतो. कूलंट घाला, पाणी डिस्टिल्ड वापरा. हे इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीच्या इंजिनाचे भावंड आहे. जुन्या मोटारींच्या पार्टवाल्याकडे विचारल्यास काही पार्ट निघतात.

पेट्रोल काढून डिझेल बसवून द्या, असेही लोक सांगतात. या ट्रॅक्टरांत इंजिन हाच चॅसीचा भाग, पुढचा अॅक्सल त्यालाच टांगलेला. लांबी किंवा बोल्ट बदलले की स्टिअरिंगचे रॉड, रेडिएटर, बॉनेट सगळेच हलते. 1950 च्या दशकात पर्किन्सचे पी-3 इंजिन फर्ग्युसनला बसवायचे तयार किट मिळायचे, ते पूर्ण हाती असेल तरच आम्ही हात घालतो. आरसीवरचे इंधन आणि इंजिन नंबर बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते, नंतर नव्हे.

ट्रॅक्टर आणण्याआधी आरसीची प्रत, इंजिनावरचा नंबर आणि मॅनिफोल्डच्या बाजूचा फोटो पाठवा. कॉम्प्रेशन मोजूनच आम्ही अंदाजपत्रक देतो: पेट्रोलला साधारण 90 ते 110 पीएसआय, डिझेलला 350 च्या वर. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर रंग आणि बॉनेटचे काम आधी घेत नाही.