हिवाळी स्टीलहेड: ओरेगनच्या ओढ्यांवरची नोंद, फेब्रुवारीअखेर

पोर्टलंडच्या आसपास गळ टाकणाऱ्या आपल्या मंडळींसाठी ही यंदाच्या हिवाळ्याची नोंद. रॉड कुठला, रीळ कुठलं यावर आपलं पुष्कळ बोलून झालंय. या मोसमात मी एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला: पाऊस ओसरल्यावर कुठल्या पाण्यावर कधी पोचायचं.

नव्यांसाठी थोडक्यात. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन मोठा झालेला रेनबो ट्राउट. त्यातला हिवाळी गट साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. पॅसिफिकचे सामन अंडी घालून मरतात. यातले काही मात्र समुद्रात परततात आणि पुन्हा येतात. कोकणात मिरगाच्या पावसात चढणीचे मासे निघतात, तोच न्याय इथे. फक्त हा पाऊस ऐन थंडीत पडतो आणि बोटं इतकी गारठतात की गाठ मारायला दात लागतात.

डिसेंबर हा हॅचरीच्या, म्हणजे केंद्रात वाढवून नदीत सोडलेल्या माशांचा. कोलंबिया नदीच्या खालच्या भागात हायवे ३० लगत बिग क्रीक आणि नॅट क्रीक, किनाऱ्याकडे हायवे ५३ वर नॉर्थ फोर्क नेहालेम. या पाण्यांवर हॅचरीचा मासा लवकर येतो, म्हणून सुरुवात तिथून. सोडण्याआधी पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापलेला असतो. तो नसेल तर मासा घरी नेता येतो. असेल तर मासा नैसर्गिक, तो या पट्ट्यात पाण्यातल्या पाण्यातच सोडायचा. नॅट क्रीक अरुंद आणि झुडपांनी भरलेला. साडेनऊ फुटी रॉड तिथे मासे कमी आणि फांद्या जास्त पकडतो. तरी पर कापलेली एक मादी मिळाली, तीही मुरवलेल्या गाबोळीवर. तळून खायची वस्तू गळाला लावायची जिवावर येतं खरं, पण पाणी किंचित गढूळ असताना तिच्या वासापुढे माझे गुलाबी जिग, म्हणजे कृत्रिम आमिषं, फिके पडले.

खरी गंमत जानेवारीत. पॅसिफिकवरून ओल्या ढगांचा पट्टा आला की कोस्ट रेंजवर दोन दिवस धो धो कोसळतं. हे डोंगर बुटके, बर्फ फार टिकत नाही, त्यामुळे पडलेलं पाणी लगेच नदीत. यूएसजीएस या अमेरिकी सरकारी भूसर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर विल्सन नदीचा आलेख बघत बसायची मला सवयच लागलीय. पातळी फुटांत आणि विसर्ग क्युसेकमध्ये. खडकवासल्याच्या बातम्या ऐकत वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. नॉर्थवेस्ट रिव्हर फोरकास्ट सेंटर पुढच्या काही दिवसांचा अंदाजही देतं. लहान ओढ्यांवर बहुधा मापक नसतो, म्हणून विल्सनवरूनच बाकीच्यांचा अंदाज बांधायचा.

आकडा एकटा काही सांगत नाही. पाच फूट आणि चढतंय म्हणजे चहाच्या रंगाचं पाणी, वाहत येणारे ओंडके. पाच फूट आणि उतरतंय म्हणजे गाडी काढा. माझ्या मते विल्सन साडेचार ते सहा फुटांच्या दरम्यान, उतरतीला, सगळ्यात चांगली. तेव्हा पाणी हिरवट असतं आणि गुडघाभर पाण्यात आपले बूट अंधुक दिसतात.

आणि सगळी पाणी एकदम निवळत नाहीत. पाणलोट जितका लहान तितका पूर लवकर येतो आणि लवकर जातो. नेकॅनिकम आणि किल्चिस आधी निवळतात, नॉर्थ फोर्क नेहालेमही लवकर. मग विल्सन, ट्रास्क, नेस्टक्का. मुख्य नेहालेम जवळजवळ १९० किलोमीटर लांब, ती गाळ घेऊन बसते आणि सगळ्यात शेवटी मोकळी होते. म्हणजे पावसानंतरचा पहिला दिवस ओढ्याचा, मोठ्या नदीची पाळी नंतर. उलट कोरडी थंडी लांबली की ओढे काचेसारखे होतात आणि मासा झाडाच्या मुळांखाली दडतो. तेव्हा मोठी नदी, पातळ तंगूस, लहान आमिष. पाणी ४ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर मासा आळसावतो. गळ त्याच्या तोंडाशी नेला तरच घेतो.

ओढ्यात जागा शोधताना मी डोहाचा मध्य सोडून देतो. डोह संपून पाणी उथळ व्हायला लागतं तिथे, माणूस चालेल त्या वेगाचं, कमरेइतकं पाणी असेल तर आधी तिथे फ्लोट सोडायचा. खळाळ चढून दमलेला मासा तिथेच थांबतो. खाडीजवळच्या भागात भरतीचं वेळापत्रकही पाहायचं, विशेषतः पाणी कमी असताना. भरतीबरोबर ताजे मासे आत सरकतात.

फेब्रुवारीत नैसर्गिक मासे वाढले. विल्सनवर एक चंदेरी नर लागला, त्यानं रिळावरचा बराच तंगूस उतरवला. जाळीतच ठेवून गळ काढला, फोटो नाही काढला. आता पाण्यात उतरताना खडीकडे नीट बघा. आजूबाजूच्यापेक्षा उजळ, स्वच्छ धुतलेला खडीचा पट्टा दिसला तर तिथे अंडी असू शकतात; वळसा घालून जा. काही ओढे मार्चअखेर बंद होतात, तेव्हा यंदाची नियमपुस्तिका आधी उघडा.

येत्या गुरुवारी-शुक्रवारी जोराचा पाऊस सांगितलाय. शनिवारी उतार लागला तर मी नेकॅनिकमवर, रविवारी विल्सन सहाच्या खाली आली तर तिकडे. मुख्य नेहालेमचं नाव त्या आठवड्यात काढणार नाही. कोणी ट्रास्कवर जाणार असेल तर पाण्याचा रंग कळवा.